तिरप्या मिस्त्रींचा चौथरा

आमच्या घराचं दार पावसाळ्यात लागायचं नाही. उन्हाळ्यात लागायचं, पण मग उघडायचं नाही. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच सकाळी आत अडकले. बाहेर सासूबाई दुधाची किटली घेऊन उभ्या, आत मी नवी नवरी, आणि मधे सासरे रंधा घेऊन दाराची कड तासत होते. तासता तासता मला म्हणाले, घाबरू नकोस, दरवर्षीचंच आहे. मी घाबरले नव्हते, मला हसू येत होतं. माहेरी सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता, कारण माझे सासरे धंद्याने गवंडी.

गवंड्याचंच घर वाडीत सगळ्यात वाकडं, यापरता विनोद लोकांना दुसरा कुठला हवा? वाडीतली बाकीची घरं लाकडाची. ती कुरकुर करत वाकतात आणि निभावून नेतात. दगडी भिंत फक्त आमची, आणि दगड काही वाकत नाही, तो तडकतो. तडा गेला की मामंजी चुना-सिमेंट कालवायचे, तडा भरायचे, हात पुसायचे. पुढच्या वर्षी तडा पुन्हा तिथेच. वाडीच्या दुकानदाराने त्यांचं नाव 'तिरपे मिस्त्री' ठेवलं आणि ते असं चिकटलं की परगावचा माणूससुद्धा 'तिरप्यांचं घर कुठलं' असं विचारत यायचा. घर बांधायला त्यांना कुणी बोलवेना. गोठ्याची भिंत किंवा गुरांना पाणी पाजायचं टाकं, एवढंच काम मिळायचं.

बाहेरचे बोलत ते एकवेळ परवडलं. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, घरातल्या घरात बोलत त्याला सुट्टी नव्हती. ताट कलंडलं, बोला. दुधाचं भांडं उतरंडीवरून घरंगळलं, बोला. त्यांचं एक वाक्य मला पाठच झालं होतं, की जगाची घरं बांधायला निघाले, आधी स्वतःचं सरळ करा म्हणावं. मामंजी उलट उत्तर देत नसत. ते पाचर शोधायला जात आणि भांड्याखाली ठोकून देत. मला त्यांची दया यायची आणि त्यांचा रागही यायचा. एवढं ऐकून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या पावसाळ्यात खालचा रस्ता मधोमध फाटला आणि सरकारी ऑफिसची माणसं वर आली. त्यांनी वाडीला एकत्र बसवून सांगितलं की हा डोंगर सरकतोय. एकदम कोसळत नाही, हळूहळू सरकतो, पण सगळीकडे सारखा नाही. पुढच्या पावसाच्या आत याच डोंगरावर पक्की जागा सापडली तर वाडी तिथे हलवू. नाही सापडली तर सगळ्यांनी खाली हमरस्त्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचं, आणि तिथे गुरं चालणार नाहीत. आई त्या संध्याकाळी गोठ्यात गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी डोकावले तर गाईशी बोलत होत्या. मला बघितल्यावर म्हणाल्या, गोचीड बघत होते.

पक्की जागा शोधायला एक बाई आल्या. पायात मोठे बूट, पाठीवर पिशवी, केस उन्हाने तांबडे झालेले, आणि बोलणं एकदम साधं. वाडीने त्यांना लगेच 'आकाशवाल्या बाई' करून टाकलं. त्यांनी सांगितलं ते असं, की वर एक उपग्रह फिरतो आणि ठरावीक दिवसांनी आपल्या डोंगरावरून जातो. तो खाली लहरी सोडतो आणि परत येणारं उत्तर टिपून घेतो. गवत नि झाडं गडबडलेलं उत्तर देतात. म्हणून जागोजागी तीन पत्रे जोडून केलेले, खोलीच्या कोपऱ्यासारखे तिकोने कोपरे बसवायचे, ते स्पष्ट उत्तर देतात. या खेपेचं उत्तर मागच्या खेपेशी ताडून पाहिलं की कोपरा नखाएवढा हलला तरी कळतं. आईंना एकच शंका होती, की त्याला आमची न्हाणी दिसते का. बाई म्हणाल्या, त्याला तुमची गाय आणि धोंडा यातला फरकही कळायचा नाही, मावशी. आईंना बरं वाटलं, पण थोडं वाईटही वाटलं असावं.

कोपरे बसवायला सिमेंटचे चौथरे हवे होते. वरच्या उतारावरचे ऑफिसच्या माणसांनी केले. खालचे दोन राहिले, तर बाईंनी विचारलं, इथे कुणी गवंडी आहे का. दुकानासमोर सगळे जमलेले, सगळे एकमेकांकडे बघू लागले, आणि दुकानदार म्हणाला की आहेत ना, आमचे तिरपे मिस्त्री. हशा पिकला. बाईंना काही कळलं नाही. त्यांनी मामंजींनाच काम दिलं.

दुसऱ्या दिवशी मामंजी धुतलेला सदरा घालून निघाले. थापी घासूनपुसून लख्ख केलेली. वाळूची पोती मी आणि आमच्या ह्यांनी वर नेली. हे दुधाचा टेम्पो चालवतात, त्यामुळे डोक्यावर ओझं म्हटलं की त्यांची मान दुखते, पण बापासाठी गुपचूप चढले. मी कालवलं, घमेली दिली. पहिला चौथरा आमच्याच शेतात, घराच्या खाली. सपाट, मोकळी, पाण्याजवळची जागा, सगळ्या वाडीचा डोळा तिच्यावर होता. दुसरा झऱ्यापलीकडच्या कातळाच्या खांद्यावर. तिथे नुसता खडक आणि वारा, तिथे राहायला जायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. दोन्हीकडे मामंजींनी तासन्‌तास घोटलं. मी म्हटलं, मामंजी, यावर कुणी जेवायला बसणार नाही. ते म्हणाले, आकाशातून बघणार आहेत ना.

कोपरे बसले आणि काही आठवड्यांनी ह्यांच्या फोनवर बाईंचा फोन आला की शेतातल्या कोपऱ्याचं उत्तर मंद झालंय, जरा बघून या. गेलो तर आमची कोंबडी त्यात बसलेली. तिन्हीकडून आडोसा, वरून ऊन, तिला आणखी काय हवं होतं? खाली अंडी. आईंनी ठणकावून सांगितलं की कोंबडी उठवायची नाही, पिल्लं निघेपर्यंत आकाशाला थांबायला सांगा. शेवटी मी सूप आणलं, गवत अंथरलं, अंडी नि कोंबडी त्यात बसवून परड्यात नेली. बाईंना फोनवर सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. तेव्हापासून कोपरा साफ ठेवायचं काम आमच्याकडे आलं. पालापाचोळा काढायचा, पक्षी बसू द्यायचा नाही. मामंजी रोज सकाळी न चुकता जायचे. एकदा मी गवत कापायला लवकर गेले तर ते पाना घेऊन कोपऱ्याशी वाकलेले दिसले. म्हणाले, नट आवळतोय. मी म्हटलं, आवळा.

उन्हाळा लागला आणि बाई निकाल घेऊन आल्या. दुकानासमोरच्या बाकावर लॅपटॉप ठेवला. आमचा अख्खा डोंगर त्यात, आणि त्यावर ठिपके. वरचा सगळा उतार लाल. लाल म्हणजे सरकणारा. कातळाचा खांदा हिरवा. आणि आमचं शेत पिवळसर, जवळजवळ हिरवं. बाई म्हणाल्या, हा ठिपका जरा पुढे येतो आणि परत जागेवर जातो. ओली माती फुगते आणि वाळली की बसते, तसं काहीतरी असावं. आणखी तपासू, पण जागा आशेची दिसते.

आणखी तपासू हे कुणी ऐकलंच नाही. शेत सपाट आहे, पाण्याजवळ आहे, गुरांना बांधायला जागा आहे. कुणी शिट्टी वाजवली, कुणी बायकोला हाका मारू लागलं. आमच्या शेताच्या बदल्यात आम्हाला वरच्या उतारावरची जमीन द्यायची, हे उभ्या उभ्या ठरलं. दुकानदार पुढे आला आणि त्याने मामंजींचा हात हातात धरला. म्हणाला की मिस्त्री, सगळा डोंगर हलला पण तुमचा चौथरा हलला नाही, आता आमची घरं तुम्हीच बांधायची, तिरपं म्हणणाऱ्याचं तोंड मी फोडतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि मामंजींकडे बघून हसल्या. चारचौघांत त्या नवऱ्याकडे बघून हसल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं.

मी मामंजींकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरलेला. हात दुकानदाराच्या हातात, पण नजर जमिनीवर. मला ती पान्याची सकाळ आठवली. ते गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. नाव परत मिळालं होतं, काम मिळालं होतं, बायको हसली होती. त्यांनी हात सोडवून घेतला.

"तो ठिपका जागेवर नाही," ते म्हणाले. "मीच त्याला परत जागेवर आणतो."

आधी कुणाला अर्थच लागेना. मग त्यांनी सगळं सांगितलं. चौथरा वाळल्यावर ते कातळाच्या खांद्यावर उभे राहून बघायचे. तिथून शेतातला कोपरा आणि समोरच्या डोंगरावरची पाण्याची टाकी एका रेषेत दिसायची. काही दिवसांनी कोपरा रेषेतून जरासा सुटलेला दिसला. त्यांना वाटलं, आपला पाया खचला. झालं, इथेही तिरपं. कोपऱ्याच्या पायाच्या पट्टीला सरकवायला लांबट भोकं होती. त्यांनी नट ढिले केले, कोपरा रेषेत आणला, पुन्हा आवळला. परत सुटला, परत आणला. असं चाललं होतं. सगळं सांगून झाल्यावर ते बाईंना म्हणाले, "पाया माझा चुकला. पण त्या शेतावर भरवसा ठेवून कुणी घर बांधू नका."

टाळ्या वाजवणारे हात आता लोकांना कुठे ठेवावे कळेना. कुणीतरी फिस्सकन हसलं. दुकानदार म्हणाला, तिरपे ते तिरपेच, आणि दुकानात जाऊन उगाच डबे हलवत बसला. आई उठल्या. धारा काढायच्या आहेत म्हणाल्या, आणि भर दुपारी निघून गेल्या. दुपारी कुणाची गाय दूध देते? मला मामंजींचा इतका अभिमान वाटला आणि इतकं रडू आलं की मी नाक शिंकरत उभी राहिले.

बाई मात्र हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी विचारलं, काका, खांद्यावरचा कोपरा कधी सरकवावा लागला? मामंजी म्हणाले, नाही. सिमेंट तेच? तेच. वाळू? तीच. हात? मामंजींनी आपल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, हाच. बाईंनी एकदा खांद्याकडे बघितलं, एकदा शेताकडे. मग म्हणाल्या की पावसाला अजून अवकाश आहे, उपग्रहाच्या काही खेपा हाताशी आहेत, मी शेताभोवती खुंट्या ठोकून त्यांचं खांद्यापासूनचं अंतर मोजून ठेवते, तोवर त्या कोपऱ्याला कुणी बोट लावायचं नाही. मामंजींनी खिशातला पाना काढून त्यांच्या हातात दिला.

यानंतर आमच्या घरात जे चाललं ते सांगून खरं वाटायचं नाही. जन्मभर वाकडं सरळ करत आलेल्या माणसाला सांगितलेलं, वाकडं दिसलं तरी हात लावायचा नाही. मामंजींना जेवण जाईना. सकाळी उठले की पाय शेताकडे. कोपऱ्याभोवती फेऱ्या मारायचे, वाकून बघायचे, हात मागे बांधायचे. हे म्हणाले, बाबांना खाटेला बांधू का? दोन दिवस आई मामंजींशी बोललेल्याच नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी विळा घेतला, गवताचा भारा शेतात नेला आणि कोपऱ्याजवळच निवडत बसल्या. म्हणाल्या, बसा गप इथे. मामंजी बसले.

मग रोजचंच झालं. मी वरून शेण भरताना बघायचे. दोघं त्या पत्र्याशेजारी बसलेली, मधे गवत. मामंजी मधूनच खांद्यावर जाऊन टाकीकडे बघून यायचे आणि हळहळत सांगायचे की बोटभर गेला. आई म्हणायच्या, जाऊ दे. परत जाऊन यायचे, अजून गेला. आई म्हणायच्या, जाईना का, तुमच्या काय बापाचं जातंय? एकदा मी चहा घेऊन गेले तर दोघं हसत होती. कशाला हसताय विचारलं तर आई म्हणाल्या, काही नाही, हे म्हणतात पत्र्याला सर्दी झाली असेल. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, पण मी चहा ओतून गुपचूप परत आले. घरात बसून त्या दोघांनी कधी असा वेळ काढला नव्हता.

बाई आल्या तेव्हा झाडांना नवी पानं फुटली होती. या वेळी त्या आधी शेतात गेल्या. मामंजींच्या चौथऱ्यावर पातळी बघायची पट्टी ठेवली. तिच्या नळीतला बुडबुडा बरोबर मधे येऊन थांबला. सगळ्यांना वाकून बघायला लावलं. दुकानदारालाही. मग शेताच्या चारी बाजूंना त्यांनी आधी ठोकलेल्या खुंट्या पुन्हा मोजल्या, आणि तिथेच बांधावर लॅपटॉप उघडला. शेताचा ठिपका लालभडक झाला होता.

त्या म्हणाल्या, चौथरा खचलेला नाही, कललेला नाही. चौथरा, खुंट्या, बांध, सगळं शेतच एका मापाने खाली सरकतंय. खांद्यावरचा चौथरा त्याच हाताचा, तो तसूभरही हललेला नाही. खडक पक्का आहे. मग म्हणाल्या की चूक माझीही आहे, फुगणारी माती म्हणून मी मोकळी झाले, येऊन बघायला हवं होतं. काका बोलले नसते तर आपण सगळी वाडी या सरकत्या शेतावर आणून बसवली असती. खांद्यावर पाणी न्यायला नळ टाकू, पण घरं तिथेच.

लोक खांद्याकडे बघू लागले, जणू काल रात्रीच कुणी तो आणून ठेवलाय. म्हणजे शेडमध्ये जायचं नाही. म्हणजे गुरं राहणार. माझ्या शेजारची म्हातारी खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. आमच्या ह्यांनी मला सगळ्यांसमोर उचलायचा प्रयत्न केला, पण मान दुखली.

बाईंचं बोलणं अजून संपलं नव्हतं. उपग्रहाची जुनी चित्रं राखून ठेवलेली असतात, त्यात आमचं घर त्यांनी शोधलं होतं. दगडी भिंती उत्तर चांगलं देतात म्हणे. त्या मामंजींकडे वळून म्हणाल्या, "तुमचं घर कित्येक वर्षं सरकतंय काका. उंबऱ्याची बाजू जास्त, मागची कमी. एवढी ओढाताण सोसून ते पडलं कसं नाही, ते मला कळत नाही."

मामंजींनी दोनदा डोकं हलवलं आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. सगळे बघत होते तरी पुसले.

आई पुढे आल्या. त्यांनी लॅपटॉपवरच्या आमच्या घराच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं, जणू पुसून बघत होत्या. "मग इतकी वर्षं मी यांना बोलत कशाला होते?" त्यांनी बाईंना विचारलं.

मामंजींनीच उत्तर दिलं, "ते आकाशातून दिसत नसेल."

शेत दणाणून गेलं. दुकानदार सगळ्यात मोठ्याने हसला, आणि त्याचं हसू सगळ्यात आधी थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात हजर. दार उघडत नव्हतं म्हणून धक्का मारून आत आला. म्हणाला की मिस्त्री, माझ्या घराची आखणी आधी करून द्या. मामंजींनी त्याला बसवलं, चहा दिला आणि शांतपणे विचारलं, भिंत तिरपी झाली तर? तो म्हणाला, "तर मी म्हणेन, डोंगर सरकला."

पावसाच्या आत सगळी घरं उभी करायची म्हणजे चेष्टा नव्हती. वाडीतलं एक माणूस घरी बसलं नाही. जुन्या घरांची लाकडं सुटी करून पाठीवर वाहिली. बायकांची रांग झऱ्यापासून खांद्यापर्यंत, हातोहात घमेली. सगळ्यांचे तळवे सोलले, सगळ्यांच्या कमरा धरल्या, आणि तरी जेवणाच्या सुट्टीत कुणी ना कुणी गात असायचं. मामंजी मधे उभे. इकडून हाक यायची मिस्त्री, तिकडून हाक यायची मिस्त्री. 'तिरपे' कुणी म्हणेना. हाक आली की त्यांचा पाय आधी उचलायचा आणि मान मागून वळायची, इतकी घाई. वय विसरून ते बांबूच्या परांचीवर चढत. मी खालून ओरडायचे, मामंजी, सांभाळा. ते ऐकत नसत. त्या दिवसांत ते इतके खूश होते की मला त्यांच्याकडे बघतच राहावंसं वाटायचं.

आईंनी आमचं घर शेवटी बांधायला लावलं. बाईंनी बजावलं होतं की पावसाआधी जुनं घर सोडायचं म्हणजे सोडायचं. आई म्हणाल्या, सोडते, पण आधी लोकांची होऊ देत. या घरातून मला घाईने काढू नका. एवढी ओढाताण सोसून उभं राहिलंय, असं घर आणखी कुणाकडे आहे? हे त्यांनी पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या दहा बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. जुन्याच घराचे दगड काढून नव्या भिंतीला वापरायचे, हेही त्यांनीच ठरवलं.

आभाळ भरून यायला लागलं तेव्हा आमच्या स्वयंपाकघराची भिंत माझ्या छातीएवढी उंच झाली होती. दगड मामंजी लावत होते. मी माल देत होते आणि आई दोरीचं दुसरं टोक धरून उभ्या होत्या. मामंजींनी त्या थराचा शेवटचा दगड बसवला, थापीच्या दांड्याने ठोकला आणि मागे सरले. त्यांनी स्वतः बघितलं नाही. आईंना म्हणाले, तू बघ.

आईंनी दोरी खाली ठेवली. एक डोळा मिटला आणि भिंतीच्या कडेवरून बराच वेळ बघत राहिल्या. वारा सुटला होता, त्यांचा पदर फडफडत होता. मी हातातलं घमेलं खाली ठेवलं.

"सरळ आहे," आई म्हणाल्या. मग मामंजींकडे न बघता, भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "तेही सरळच होतं."